आमच्या गल्लीतली पिठाची गिरणी : दळण झकास, आणि महापालिका इलेक्शनच्या चर्चेला तर तोडच नाही

पहिल्यांदाच सांगून टाकते, गिरणीचं नाव लिहिणार नाहीये. गिरणीवाल्या मामांनीच सांगितलंय, "ताई लिहा काय लिहायचं ते, पण नाव नको, उद्या सगळ्या पक्षांची पोरं इथं येऊन बसतील आणि माझी दळणं राहतील बाजूला." एवढंच सांगते की पुण्यात कोथरूड संपून कर्वेनगर कुठे सुरू होतं हे कोणालाच नीट सांगता येत नाही त्या भागातल्या एका आतल्या गल्लीत आहे, निळा पत्रा आहे, शेजारी इस्त्रीवाला आहे, आसपास राहणाऱ्यांना एवढ्यावरून कळेल.

मी अकरा वर्षं इथेच दळण टाकते. आधी दळणाबद्दल लिहिते कारण शेवटी रिव्ह्यू गिरणीचा आहे. दोन चक्क्या आहेत, एक गहू-ज्वारी-बाजरीची आणि दुसरी छोटी डाळीसाठी आणि भाजणीसाठी. गव्हाचं पीठ अगदी बारीक आणि कमी गरम येतं, डब्यात हात घातला तर कोमट लागतं, पोळलेलं पीठ मी इथून कधी आणलं नाही. लोकवन आणि सिहोर दोन्ही इथे दळलेत, पोळ्या रात्रीपर्यंत मऊ राहतात. ज्वारी आणायची तर मालदांडी आणा, मामा स्वतः बघून सांगतात की ही भाकरीला चिकटेल की नाही. दगडाला टाकी लावली (म्हणजे झिजलेल्या दगडाला परत खाचा पाडल्या) की मामा दिवसभर बाहेर खडूने लिहून ठेवतात "आज टाकी लावली आहे" आणि पहिलं चार-पाच किलो स्वतःचं हलकं धान्य दळून बाजूला काढतात, मगच गिऱ्हाइकाचा डबा घेतात, त्यामुळे पिठात कचकच नाही. मी ह्याआधी जिथे जायचे तिथे दर दोन-तीन महिन्यांनी एकदा तरी पोळीत कचकच लागायचीच, आणि विचारलं की "तुमच्याच गव्हात खडे असतील" हे उत्तर. रेट म्हणाल तर गव्हाला किलोला ७ रुपये, ज्वारी-बाजरी ८, बेसन १२, चकलीची आणि थालीपिठाची भाजणी १५. जीपे चालतं. गुरुवारी बंद, कारण आपल्याकडे गुरुवारी लाइट कधी जाईल सांगता येत नाही, पाणीही बहुतेक वेळा गुरुवारीच बंद असतं.

एक तक्रार आहे ती पण लिहिते. दोन वर्षांपूर्वी श्रावणात उपासाची भाजणी टाकली होती, घरी आणून थालीपीठ लावलं तर सासूबाईंनी पहिल्याच घासाला सांगितलं की ह्यात गव्हाचा वास आहे. छोट्या चक्कीवर आधी कोणाचं तरी दुसरं काहीतरी दळलं होतं आणि ती नीट झाडली गेली नव्हती. सासूबाईंचा उपास मोडला. मी जाऊन सांगितलं तेव्हा मामांनी एक शब्द वाद घातला नाही, चक्की उघडून ब्रशने झाडली, स्वतःच्या घरातून राजगिरा आणि वरई आणून दळून दिली आणि मामी संध्याकाळी घरी येऊन सासूबाईंना नमस्कार करून गेल्या. तेव्हापासून उपासाचं दळण फक्त सोमवारी आणि एकादशीच्या आदल्या दिवशी सकाळी पहिलं घेतात. तरी उपासाचं टाकणार असाल तर स्वतः उभं राहून झाडून घ्या, एवढं माझं सांगणं.

आता ज्याच्यासाठी खरं तर लिहायला बसले ते.

१५ जानेवारी २०२६ ला आपल्याकडे महापालिकेचं मतदान झालं. त्याआधीचं झालं होतं २१ फेब्रुवारी २०१७ ला. म्हणजे जवळजवळ नऊ वर्षं. माझा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता, माझं बोट धरून बूथपर्यंत आला होता, आणि ह्या वेळी त्याचं स्वतःचं पहिलं मत होतं. मधे १४ मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि तेव्हापासून आयुक्तच प्रशासक, ओबीसी आरक्षणाची केस, प्रभागरचना, कधी तीनचा प्रभाग तर कधी परत चारचा, असं करत करत सुप्रीम कोर्टाने ६ मे २०२५ ला निवडणुका घ्या म्हणून सांगितलं तेव्हा कुठे गाडी हलली. पावणेचार वर्षांच्या वर आपल्याला नगरसेवकच नव्हता आणि खरं सांगते, लोक विसरूनच गेले होते की नगरसेवक नेमकं करतो काय. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर कोणी उमेदवाराचं नाव काढलं की लगेच फॉरवर्ड, भांडण, कोणीतरी ग्रुप सोडून जाणार आणि मग ॲडमिन "फक्त सोसायटीचे विषय" असं टाकणार. म्हणजे ज्या चार जणांच्या हातात आपलं पाणी, ड्रेनेज, कचरा, फुटपाथ जाणार त्यांच्याबद्दल शेजाऱ्यांनी एकमेकांशी बोलायला जागाच नव्हती.

ती जागा आम्हाला गिरणीत मिळाली.

हे कसं होतं ते सांगते. चक्की चालू असली की तिथे काही ऐकू येत नाही, खाणाखुणाच कराव्या लागतात. पण एक दळण संपलं की मामा मोटर बंद करतात, पट्टा थांबतो, ते पिशवी झटकतात, ब्रश फिरवतात, पुढचा डबा ओततात, मामी वजन करून वहीत लिहितात. ही जी दोन-तीन मिनिटं असतात त्यात सगळे बोलून घेतात. परत चक्की सुरू झाली की थांबायचं आणि ऐकलेल्यावर विचार करायचा. परत बंद झाली की उत्तर द्यायचं. मला हे फार आवडलं. टीव्हीवर सगळे एकाच वेळी ओरडतात, इथे चक्कीमुळे प्रत्येकाला थांबायलाच लागतं, आणि सात-आठ मिनिटं गप्प बसल्यावर माणूस जे बोलतो ते जरा शहाण्यासारखं बोलतो.

त्यात मामांचा एक नियम. पक्षाचं नाव घ्यायचं नाही, कोणाच्या जातीवर आणि कोणाच्या घरच्या बायकांवर जायचं नाही. नियम त्यांनी कधी लिहून लावला नाही पण कोणी तिकडे वळलं की मामा काही न बोलता चक्की चालू करतात. अर्धवट दळण असलं तरी करतात, काहीच दळायचं नसलं तर स्वतःची ज्वारी ओततात. दोन-तीनदा असं झालं की लोकांना आपोआप कळलं.

आमच्यातले नेहमीचे लोक म्हणजे पोस्टातून रिटायर झालेले एक काका, ज्यांना सगळे कायदे-नियम पाठ. पोळीभाजीचे डबे करून देणाऱ्या मावशी, ज्या एक दिवसाआड पंधरा किलो गहू टाकतात त्यामुळे त्यांचं दळण लागलं की सगळ्यांना थांबावंच लागतं. एक रिक्षावाले दादा. आमच्या शेजारच्या सोसायटीचे चेअरमन. बी विंगमधल्या आजी, वय ८१, डबा उचलवत नाही पण नातवाला पाठवत नाहीत, स्वतः येतात. आणि लातूरहून शिकायला आलेली एक मुलगी, जी तिच्या रूमवर ज्वारीच्या भाकरी करते म्हणून अर्धा-एक किलो दळून नेते.

पहिला मोठा वाद झाला चार मतांवरून. आपल्याकडे १६५ नगरसेवक आणि ४१ प्रभाग, एक प्रभाग पाचचा, बाकी सगळे चारचे, म्हणजे आपल्याला चार मतं, अ ब क ड ह्या चार जागांना एकेक. रिक्षावाले दादा म्हणाले, "चारही एकाच चिन्हाला द्यायची, पॅनल निवडून आणायचं, नाहीतर चौघांची तोंडं चार दिशांना आणि आपण मधे." मावशी म्हणाल्या, "अहो मागच्या वेळी पॅनलच तर निवडून दिलं होतं आपल्या गल्लीने, आणि ड्रेनेज तुंबलं तेव्हा एकाने सांगितलं तो भाग माझ्याकडे नाही, दुसरीने सांगितलं मी बघते, तिसरा फोनच उचलेना. चौघे असले की कोणीच आपलं नसतं." चक्की सुरू. थांबली तेव्हा काका म्हणाले की २०१२ ला दोनचा प्रभाग होता आणि २००७ ला तर एकाचा एक, तेव्हा निदान कोणाच्या दारात जायचं ते माहीत असायचं, पण आता चारचाच आहे तर चार माणसं वेगवेगळी तपासायला आपल्याला कोणी अडवलं नाही, चार मतं म्हणजे चार वेळा विचार करायची संधी. दादा लगेच मान्य झाले नाहीत. त्यांचं म्हणणं असं की मुख्य सभेत संख्या लागते, १६ जणांच्या स्थायी समितीत आपला माणूस जायला पक्षाचं बळ लागतं, एकटा चांगला माणूस जाऊन हात वर करून बसेल आणि आपल्या रस्त्याला पैसे दुसरीकडेच जातील. हा मुद्दा खरा आहे. माझ्याकडे तेव्हाही त्याला पूर्ण उत्तर नव्हतं आणि आजही नाही. पण शेजारी शेजाऱ्याला असं मुद्द्याने बोलतोय आणि दुसरा डबा मांडीवर घेऊन ऐकतोय हे मी कितीतरी वर्षांनी बघितलं.

दुसरा वाद माजी नगरसेवकावरून. अ जागेवर उभे असलेले आधी निवडून आलेले होते, त्यांच्याबद्दल चेअरमनसाहेब फार चिडलेले, की मागच्या चार वर्षांत रस्ता तीनदा खोदला आणि हे गृहस्थ कुठे होते. काका म्हणाले की पद नव्हतं त्यांच्याकडे, मार्च २०२२ नंतर कोणाकडेच नव्हतं, 'स' यादी नाही, बजेट नाही, अधिकाऱ्याने ऐकायलाच पाहिजे असं बंधन नाही, मग त्यांना कशाबद्दल धरायचं? ('स' यादी म्हणजे नगरसेवकाला आपल्या प्रभागात छोटी कामं करायला मिळणारा निधी, बाकडी आणि नावांचे फलक ह्यातूनच येतात, आणि ड्रेनेजच्या छोट्या लाइनी पण.) सगळे गप्प झाले कारण बरोबर होतं. तेव्हा आजी बोलल्या. आजी कमी बोलतात. म्हणाल्या, "पद नव्हतं तेव्हा फोन कोणी उचलला ते सांगा. पद असताना सगळेच उचलतात."

मामांनी हातातला डबा खाली ठेवला. त्या दिवसापासून आमची चर्चाच बदलली. जाहीरनामा कोणी वाचेना, सगळे आठवायला लागले. २०२३ मध्ये मिळकतकराची ४० टक्के सवलत परत मिळाली, जी १९७० पासून होती आणि २०१९ नंतर काढून घेतली होती, तेव्हा राहत्या घराचा पुरावा जोडून पीटी-३ फॉर्म भरायचा होता आणि ज्येष्ठ मंडळी अगदी गांगरून गेली होती, तेव्हा कोपऱ्यावर टेबल टाकून फॉर्म भरून द्यायला कोण बसलं होतं? २०२४ च्या जुलैत खडकवासल्यातून पाणी सोडलं, नदीपलीकडे एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं, तेव्हा इकडून चादरी आणि जेवणाचे डबे घेऊन कोण गेलं? २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडच्या बाजूला जीबीएसचे (गुलियन-बारे, नसांचा आजार) पेशंट निघाले आणि आपण सगळे पाणी उकळून प्यायला लागलो तेव्हा आपल्या टाकीचं पाणी तपासायला कोणी लावलं? आणि उत्तरं काय यायला लागली बघा. क जागेवरच्या ज्या ताईंना कोणी ओळखत नव्हतं त्यांच्याबद्दल मावशी म्हणाल्या, की पीटी-३ चं टेबल त्यांचंच होतं, सहा दिवस बसल्या होत्या, मला माहीतही नव्हतं ह्या इलेक्शनला उभ्या राहतील म्हणून. आणि ज्यांचा फ्लेक्स सगळ्यात मोठा त्यांच्याबद्दल सात-आठ जणांपैकी एकालाही काही आठवेना. ज्या माजींवर चेअरमन चिडले होते त्यांच्याबद्दल रिक्षावाले दादांनी सांगितलं की पुराच्या वेळी ते स्वतः नदीपलीकडे होते, मी रिक्षातून चार फेऱ्या मारल्यात त्यांच्याबरोबर. चेअरमन गप्प झाले, थोड्या वेळाने म्हणाले, "हे मला माहीत नव्हतं." मत बदललं की नाही ते त्यांनी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

पैशाचा हिशोब पण इथेच कळला मला. काकांनी डब्यावर नाव लिहायचा खडू घेतला आणि भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर मांडलं. नगरसेवकाचं मानधन महिना २०,००० रुपये. पाच वर्षांचे महिने ६०. झाले १२ लाख. आणि निवडणुकीत एका उमेदवाराला पुण्यात खर्चाची परवानगी १५ लाख. म्हणजे परवानगीएवढाच खर्च केला तरी पाच वर्षांच्या मानधनातून तो भरून येत नाही. लातूरची मुलगी म्हणाली, "मग हे बाकीचे कुठून आणतात?" काका म्हणाले, हाच प्रश्न प्रत्येक उमेदवार दारात आला की विचारायचा, नीट, अपमान न करता, की तुमचा व्यवसाय काय, घर कशावर चालतं. माझ्या मुलाने मग मोबाइलवर उमेदवारांची शपथपत्रं काढली, त्यात मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण सगळं असतं, आणि तीन संध्याकाळी तो गिरणीत एकेकाचं वाचून दाखवत होता. एरवी जो पोरगा दळण आणायला सांगितलं की दहा कारणं देतो तो त्या आठवड्यात अर्धा किलो नाचणी घेऊन पण जात होता. मला आई म्हणून त्याचा किती अभिमान वाटला ते इथे लिहिता येणार नाही.

आणि एक प्रसंग लिहिलाच पाहिजे. भोगीचा दिवस, १३ जानेवारी. संध्याकाळी साडेपाचला जाहीर प्रचार संपणार होता आणि भोगी असल्यामुळे गिरणीत बाजरीची ही गर्दी, तीळ लावून भाकरी करायची तर पीठ ताजं पाहिजे, बाहेर इस्त्रीवाल्यापर्यंत डब्यांची लाइन. चारच्या सुमारास एका उमेदवाराची दोन पोरं आली, गळ्यात उपरणी, आणि मामींना म्हणाली, "मावशी आज सगळ्यांचं दळण आमच्याकडून, किती होतात सांगा, आत्ता देतो." लाइनमधल्या एक-दोघांचे चेहरे खुलले, मी खोटं कशाला बोलू, सणाचे दिवस होते, कोणाचे शंभर कोणाचे दीडशे वाचले असते. मामांनी चक्की बंद केली. अंगावर सगळं पीठ, भुवया पांढऱ्या. म्हणाले, "ज्याचं दळण त्याचे पैसे. गेली पंचवीस वर्षं तेच आहे." पोरगा म्हणाला, अहो साहेबांनी प्रेमाने पाठवलंय. मामा म्हणाले, "साहेबांना सांग त्यांचं दळण घेऊन या, लाइनमधे लावा, बाजरी आठ रुपये किलो." एवढंच. आवाज चढवला नाही. पोरं गेली. आणि मग त्या लाइनमध्ये कोणीच काही बोललं नाही, फक्त मावशींनी आपला डबा उचलून पुढे सरकवला आणि चक्की परत सुरू झाली. माझी वेळ आली तेव्हा मी तीन किलोचे चोवीस रुपये दिले, आणि ते देताना मला जे वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही.

त्याच संध्याकाळी आजींचा प्रश्न आला. २०१७ ला आजींनी एकच बटण दाबलं आणि निघाल्या, बझर वाजेना, अधिकारी बाहेर येऊ देईनात, अजून तीन मतं राहिलीत म्हणाले, आणि आजी इतक्या घाबरल्या की उरलेली तीन मतं कुठे दिली त्यांना आजवर माहीत नाही. ह्या वेळी जायचंच नाही असं ठरवून बसल्या होत्या. काकांनी समजावलं की चारही जागांसाठी बटण दाबल्याशिवाय बझर वाजत नाही, कोणी पसंत नसेल तर त्या जागेपुरतं नोटा दाबायचं, आणि चार जागांच्या मतपत्रिकांचे रंग वेगळे, अ पांढरा, ब फिकट गुलाबी, क फिकट पिवळा, ड फिकट निळा. आजी म्हणाल्या, माझ्या मोतीबिंदूला काय कळणार फिकट गुलाबी. तेव्हा मामींनी काय केलं, वजनकाट्याशेजारच्या फळीवर चार डबे ओळीने मांडले. तांदळाचं पीठ. त्याच्या शेजारी नाचणीचं. मग बेसन. आणि चौथा नुसता निळ्या झाकणाचा रिकामा डबा. आजींचा हात धरून एकेका डब्यावर ठेवला आणि म्हणायला लावलं, तांदूळ, नाचणी, बेसन, निळं झाकण. आजींनी चारदा म्हटलं. पाचव्यांदा उलटं म्हणून दाखवलं.

१५ तारखेला गुरुवार, म्हणजे गिरणी बंद आणि सुट्टी पण. लातूरची मुलगी आदल्या रात्रीच बसने गावी गेली, कारण त्या दिवशी राज्यातल्या २९ महापालिकांचं मतदान एकत्र होतं, त्यात लातूर पण होतं, तिचं नाव तिकडच्या यादीत. आम्ही सकाळी साडेसातलाच गेलो, मी, हे आणि मुलगा. आजींना मीच घेऊन गेले. बाहेर आल्या ते हसतच आल्या, बोटाला शाई, मला म्हणाल्या, "निळं झाकण शेवटी दाबलं, आणि वाजलं गं!" कोणाला मत दिलं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही, आणि मीही माझी चार कुठे गेली ते इथे सांगणार नाही, फक्त एवढं की चारही एकाच चिन्हावर नव्हती आणि त्यातलं एकही मत मी फ्लेक्स बघून दिलं नाही.

चर्चेतल्या उणिवा पण सांगते म्हणजे कोणी फार आशेने येऊ नये. संध्याकाळी सहा ते आठ फार गर्दी असते, बसायला एकच बाकडं आहे, म्हाताऱ्या माणसांना उभं राहावं लागतं, मामांना दोन खुर्च्या ठेवा म्हणून मी तीनदा सांगितलंय. दम्याचा त्रास असेल तर आत थांबू नका, पीठ फार उडतं, बाहेरूनही ऐकू येतं. झोपडपट्टीच्या बाजूच्या बायका सकाळी लवकर दळून जातात आणि संध्याकाळच्या चर्चेत त्यांचा आवाज नव्हता, त्यांच्याकडे पाणी किती वाजता येतं हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं, हे मला आत्ता लिहिताना जास्त टोचतंय. सकाळची चर्चा वेगळी आणि संध्याकाळची वेगळी असं होऊ नये. आणि काकांचं बोलणं कधीकधी लांबतं, मुद्दा मेट्रोचा निघाला तर ते मेट्रो चालवणारी महामेट्रो, पुण्याच्या आसपासचा भाग बघणारी पीएमआरडीए आणि महापालिका ह्यांच्यातला फरक समजावून सांगेपर्यंत दोन दळणं होतात. पण तेही कोणीतरी सांगायला हवंच होतं, कारण निम्मे लोक नगरसेवकाकडे मेट्रो मागत होते आणि आमदाराकडे कचऱ्याची तक्रार करत होते.

आता निकाल लागून गेला, १६ तारखेलाच लागला. आमच्या गिरणीतला कोणी पूर्ण खूश नाही आणि कोणी पूर्ण नाराज नाही. महापालिकेचं बजेट साडेबारा हजार कोटींच्या वर गेलंय, त्यातलं आमच्या गल्लीत काय येतं ते बघायचं. काळ्या फळ्यावर काकांनी मानधनाचा हिशोब पुसून आता चार ओळी लिहिल्यात, गल्लीच्या तोंडाचं चेंबर, शाळेसमोरचा फुटपाथ, सकाळच्या पाण्याचं प्रेशर, कचरा गोळा करणाऱ्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताईंना कचरा वेगळा करायला शेड. प्रत्येकीपुढे तारीख टाकायला जागा मोकळी ठेवलीय. टाकी लावली की मामा त्याच फळ्यावर खाली कोपऱ्यात लिहितात, वरचं पुसत नाहीत.

रेटिंग विचाराल तर दळणाला पाचपैकी साडेचार, अर्धा श्रावणातल्या भाजणीचा कापला. चर्चेला पाचपैकी पाच. चकलीची भाजणी टाकायची असेल तर दिवाळीच्या आधी निदान दहा दिवस टाका, शेवटच्या आठवड्यात मामा नवीन डबा घेत नाहीत. आणि डब्याला झाकण घट्ट बसणारं आणा, त्यावर नाव खडूने नको, चिठ्ठी चिकटवून आणा, बाजरीच्या गर्दीत खडू पुसला जातो, भोगीला माझा डबा दुसऱ्याच्या घरी गेला होता तो मावशींनी रात्री नऊला आणून दिला.